श्लेष्मल आवरण आणि एचआयव्ही : शहापूर-मुरबाडच्या संदर्भात

एचआयव्ही हा विषाणू स्त्रीच्या शरीरात संभोगावाटे शिरू पाहतो तेव्हा बहुतेक वेळा तो अपयशी ठरतो, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला बऱ्याच काळापासून ठाऊक असली तरी सर्वसामान्य वाचकापर्यंत ती क्वचितच पोहोचते. उपचार न घेणाऱ्या बाधित पुरुषाशी एकदा आलेल्या योनिमार्गी संबंधातून स्त्रीला लागण होण्याची सरासरी शक्यता श्रीमंत देशांतील अभ्यासांत दहा हजारांत सुमारे आठ इतकी आढळली. गरीब देशांतील अभ्यासांचे एकत्रित गणित २००९ मध्ये मांडले गेले, तेव्हा तीच शक्यता दहा हजारांत सुमारे तीस, म्हणजे जवळजवळ चौपट निघाली. या दोन आकड्यांतून दोन निरनिराळ्या गोष्टी कळतात. पहिली अशी, की स्त्रीच्या जननमार्गाला निसर्गाने दिलेले संरक्षण खरोखरच भक्कम आहे. आणि दुसरी अशी, की हे संरक्षण सगळीकडे सारखे टिकत नाही, कारण ते ज्या परिस्थितीवर उभे असते ती परिस्थिती गरिबी, उपचाराविना राहिलेली दुखणी आणि जोडीदाराची प्रकृती यांनुसार बदलत जाते.

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांच्या संदर्भात हा विषय मांडण्याचे कारण याच दुसऱ्या गोष्टीत आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्याचा जो ग्रामीण व आदिवासी भाग उरला, त्याचा मोठा हिस्सा या दोन तालुक्यांत आहे. भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत, मुंबई-नाशिक महामार्ग याच तालुक्यातून कसारा घाटाकडे जातो, आणि कल्याणहून माळशेज घाटाकडे निघालेला रस्ता मुरबाड ओलांडून पुढे जातो. महानगराच्या इतक्या जवळ असूनही येथील ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली पाड्यांतील अनेक कुटुंबे भाताची कापणी उरकली की वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामांवर जगायला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. अशा जीवनक्रमात स्त्रीच्या अंगातली साधी दुखणी किती काळ तशीच राहतात, हा प्रश्न प्रतिकारशास्त्राच्या पुस्तकाबाहेरचा वाटला तरी प्रत्यक्षात त्या शास्त्राच्या केंद्राशीच येऊन पोहोचतो.

श्लेष्मल आवरण म्हणजे तोंड, नाक, आतडे, मूत्रमार्ग, जननमार्ग अशा शरीराच्या आतल्या पण बाहेरच्या जगाकडे उघडणाऱ्या पृष्ठभागांवरचे ओलसर अस्तर होय. स्त्रीच्या जननमार्गात या अस्तराचे दोन अगदी भिन्न प्रकार एकमेकांना लागून असतात. योनिमार्गाची भिंत आणि गर्भाशयमुखाचा बाहेरचा भाग यांवर चपट्या पेशींचे एकावर एक रचलेले अनेक थर असतात. त्यांतले वरचे थर मृत पेशींचे असून ते सतत गळून पडतात आणि त्यांना चिकटलेले जंतूही त्यांच्यासोबत बाहेर जातात. गर्भाशयमुखाच्या आतल्या नलिकेत मात्र उभट पेशींचा एकच थर असतो. हे दोन प्रकार जेथे मिळतात त्या पट्ट्याला संक्रमणक्षेत्र म्हणतात, आणि तेथे अस्तर पातळ असून त्याखाली रोगप्रतिकारक पेशींची दाटी असते. किशोरवयात हा एकेरी थराचा नाजूक भाग गर्भाशयमुखाच्या बाहेरच्या बाजूलाही पसरलेला असतो आणि वय वाढेल तसा तो आत सरकतो. लहान वयात लग्न झालेल्या मुलीचे शरीर विषाणूला अधिक वाव का देते, याच्या कारणांपैकी हे एक आहे. बालविवाहाविरुद्ध सामाजिक आणि कायदेशीर युक्तिवाद नेहमी केले जातात, त्यांच्या जोडीला हा शारीरिक युक्तिवादही तितक्याच ठामपणे सांगितला गेला पाहिजे.

योनिमार्गाच्या थरांची जाडी इस्ट्रोजेन या संप्रेरकावर अवलंबून असते. संप्रेरक म्हणजे शरीरातील ग्रंथींनी रक्तात सोडलेला आणि दूरच्या अवयवांना आदेश पोहोचवणारा रासायनिक पदार्थ. इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली योनिमार्गाच्या पेशींत ग्लायकोजेन नावाची साखरेची साठवण होते आणि या साठवणीवर लॅक्टोबॅसिलस कुळातील जिवाणू पोसले जातात. जर्मन प्रसूतितज्ज्ञ आल्बेर्ट ड्योडरलाइन यांनी १८९२ मध्ये या जिवाणूंचे वर्णन केले. दुधाचे दही करणाऱ्या जिवाणूंचेच हे भाऊबंद असून तेही साखरेपासून लॅक्टिक आम्ल म्हणजे दुग्धाम्ल तयार करतात. या आम्लामुळे निरोगी योनिमार्गाचा सामू, म्हणजे आम्लता मोजण्याचे परिमाण, साधारण ३.५ ते ४.५ इतका राहतो. सात हा सामू शुद्ध पाण्याचा, आणि त्याखाली जावे तशी आम्लता वाढते, हे लक्षात घेतले म्हणजे हा स्राव किती आंबट असतो याची कल्पना येते. इतक्या आम्लतेत दुग्धाम्ल एचआयव्हीचे कण निष्क्रिय करते, आणि हा परिणाम केवळ आम्लतेचा नसून दुग्धाम्लाचा स्वतःचा असल्याचे प्रयोगशाळेत दिसून आले आहे, कारण तेवढाच सामू दुसऱ्या आम्लाने साधला तर तो इतका प्रभावी ठरत नाही. येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. दही खाल्ल्याने किंवा लावल्याने हे संरक्षण मिळत नाही, कारण दह्यातील जिवाणूंच्या जाती वेगळ्या असतात आणि योनिमार्गात त्या वस्ती करून राहत नाहीत.

आम्लाबरोबर काम करणारा दुसरा घटक म्हणजे गर्भाशयमुखातून पाझरणारा चिकट द्रव, ज्याला श्लेष्म म्हणतात. तो म्यूसिन या लांबलचक, साखरेचे रेणू जडवलेल्या प्रथिनांच्या धाग्यांनी विणलेला असतो. या विणीतील छिद्रे सरासरी तीनशे नॅनोमीटरहून मोठी असतात, तर एचआयव्हीचा कण शंभर ते सव्वाशे नॅनोमीटरांचा असतो. म्हणजे केवळ आकाराचा विचार केला तर विषाणू या जाळीतून सहज आरपार जायला हवा. अमेरिकेतील संशोधकांनी २००९ च्या सुमारास ताज्या श्लेष्मात विषाणूंच्या कणांची हालचाल सूक्ष्मदर्शकाखाली टिपली तेव्हा असे दिसले, की आम्लधर्मी श्लेष्मात ते कण जागीच अडकून पडतात आणि त्याच श्लेष्माची आम्लता काढून घेतली की ते मोकळे फिरू लागतात. पुढे २०१५ मध्ये असेही आढळले, की ज्या स्त्रियांच्या योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस ही जात प्रबळ असते त्यांच्या श्लेष्मात विषाणू सर्वांत चांगला अडकतो, तर लॅक्टोबॅसिलस इनर्स ही जात प्रबळ असली की पकड सैल पडते. जिवाणू, आम्ल आणि श्लेष्म ही तीन स्वतंत्र संरक्षणे नसून एकाच व्यवस्थेची तीन अंगे आहेत, हे या निरीक्षणांवरून स्पष्ट होते.

या व्यवस्थेला पहिला धक्का खुद्द वीर्याकडून बसतो. वीर्य किंचित अल्कधर्मी असते आणि शुक्रजंतू जगावेत म्हणून ते योनिमार्गाची आम्लता काही तासांपुरती उतरवते. प्रजननासाठी हे आवश्यक आहे, परंतु बाधित पुरुषाच्या वीर्यातील विषाणूलाही त्याच काळात मोकळीक मिळते. वीर्यातील एका प्रथिनाचे तुकडे एकत्र येऊन सूक्ष्म तंतू बनवतात आणि हे तंतू विषाणूला पेशीपर्यंत नेण्यास मदत करतात, असे जर्मनीतील उल्म येथील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले. म्हणून आम्लाच्या संरक्षणावर विसंबून कोणतीही स्त्री निर्धास्त राहू शकत नाही.

श्लेष्म ओलांडलेल्या विषाणूला पुढे रोगाणुरोधक प्रथिनांचा सामना करावा लागतो. ही प्रथिने जन्मजात प्रतिकारशक्तीचा भाग आहेत. म्हणजे एखाद्या विशिष्ट रोगजंतूची आधी ओळख झालेली असण्याची त्यांना गरज नसते. डिफेन्सिन ही छोटी प्रथिने विषाणूच्या आवरणावर हल्ला करतात आणि पेशींवरचे त्याचे प्रवेशबिंदूही कमी करतात. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये वर्णिलेले आणि अश्रूंत सापडणारे लायसोझाइम, तसेच बाळंतिणीच्या चिकात विपुल असलेले लॅक्टोफेरिन ही दोन्ही प्रथिने जननमार्गाच्या स्रावातही आढळतात. एसएलपीआय आणि इलाफिन ही आणखी दोन प्रथिने मुळात ऊती विरघळवणाऱ्या विकरांना, म्हणजे एन्झाइमांना, आवरण्याचे काम करतात, पण त्याच ओघात दाह शमवतात आणि विषाणूलाही रोखतात.

मुंबईच्या परळ भागातील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेचे काम या ठिकाणी विशेष महत्त्वाचे आहे, कारण संरक्षण आणि धोका ही दोन्ही अंगे तेथे अभ्यासली गेली. डॉ. तरुणा मदान यांच्या गटाने सर्फॅक्टंट प्रोटीन डी या प्रथिनाचा अभ्यास केला. फुप्फुसांत प्रथम ओळखले गेलेले आणि स्त्रीच्या जननमार्गातही तयार होणारे हे प्रथिन एचआयव्हीच्या बाह्य आवरणावरील जीपी-१२० या प्रथिनाला चिकटते आणि विषाणूला लक्ष्यपेशीशी जोडू देत नाही, असे त्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. याच संस्थेत डॉ. आत्माराम बांदिवडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले, की योनिमार्गाच्या अस्तरपेशींवर विषाणूचा नेहमीचा प्रवेशबिंदू नसला तरी मॅनोज रिसेप्टर नावाचा दुसरा ग्राहक असतो, जीपी-१२० त्याला चिकटते, आणि त्या स्पर्शाने पेशी ऊतींची वीण सैल करणारी विकरे सोडू लागतात. विषाणू स्वतः आत शिरण्यापूर्वीच आपल्या वाटेतील भिंत खिळखिळी करू शकतो, असा याचा अर्थ होतो. रोगाणुरोधक पेप्टाइडांची माहिती एकत्र करणारा ‘कॅम्प’ हा संग्रहही याच संस्थेने तयार करून २०१० मध्ये जगभरच्या संशोधकांना खुला केला.

अस्तराच्या आत, पेशींच्या थरांमध्ये, लँगरहान्स पेशी असतात. परकी वस्तू पकडून तिची ओळख प्रतिकारव्यवस्थेला करून देणे हे त्यांचे काम. ॲमस्टरडॅम येथील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले, की या पेशींवरील लँगेरिन हे प्रथिन एचआयव्हीला पकडून पेशीच्या आतल्या विशिष्ट कणांत नेते आणि तेथे त्याचा नाश होतो. विषाणूंची संख्या फार मोठी असेल किंवा पेशी दाहामुळे उत्तेजित झाल्या असतील तर मात्र हीच व्यवस्था कोलमडते आणि रक्षक पेशीच विषाणू पुढे पोहोचवणारी वाहक बनते.

अखेरीस विषाणूला जी पेशी हवी असते ती म्हणजे सीडी-४ प्रकारची टी-पेशी, आणि तीही शक्यतो पृष्ठभागावर सीसीआर-५ हा सहग्राहक बाळगणारी व उत्तेजित झालेली. भारतात प्रामुख्याने आढळणारा एचआयव्ही-१ चा सी उपप्रकार मुख्यतः याच सहग्राहकाचा वापर करतो. उत्तर युरोपातील सुमारे एक टक्का लोकांत सीसीआर-५ च्या जनुकाच्या दोन्ही प्रती खंडित असतात आणि त्यामुळे त्यांना या विषाणूची लागण सहसा होत नाही, हे १९९६ मध्ये समजले. भारतीयांत हा बदल अत्यंत दुर्मीळ आहे. म्हणजे शहापूर-मुरबाडच्या स्त्रीला जनुकाचे हे आयते कवच उपलब्ध नाही. लैंगिक मार्गाने लागण झालेल्या बहुसंख्य व्यक्तींत संसर्गाची सुरुवात विषाणूच्या एकाच वंशापासून झालेली असते, हे २००८ मध्ये अनुक्रम-विश्लेषणातून दिसले. लक्षावधी कणांपैकी एखादाच सर्व अडथळे ओलांडून योग्य पेशीपर्यंत पोहोचतो, याचा याहून स्पष्ट पुरावा देता येणार नाही.

नैरोबीच्या पुमवानी भागातील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांवर फ्रँक प्लमर आणि त्यांच्या केनियन व कॅनेडियन सहकाऱ्यांनी १९८५ पासून केलेला अभ्यास या क्षेत्राचा पाया मानला जातो. वारंवार विषाणूच्या संपर्कात येऊनही त्यांतील काही स्त्रिया वर्षानुवर्षे बाधित झाल्या नाहीत. त्यांच्या स्रावांत इलाफिनसारख्या विकररोधक प्रथिनांचे प्रमाण अधिक आढळले, आणि पुढे असेही दिसले, की त्यांच्या टी-पेशी इतरांपेक्षा अधिक शांत होत्या. लढाऊ प्रतिकारशक्ती म्हणजे चांगली प्रतिकारशक्ती, हा आपला नेहमीचा समज येथे उलटा ठरतो. जो विषाणू उत्तेजित प्रतिकारपेशींवरच वाढतो त्याच्यापुढे शांत राहणारे आवरण हेच अधिक सुरक्षित असते. याच अभ्यासातील दुसरे निरीक्षण फार कमी सांगितले जाते, पण ते तितकेच मोलाचे आहे. प्रतिकारक्षम समजल्या गेलेल्या काही स्त्रिया पुढे बाधित झाल्या, आणि त्यांतील अनेकींनी मधल्या काळात काम काही काळ थांबवलेले होते. म्हणून ‘या स्त्रीला एचआयव्ही होतच नाही’ असे विधान कोणाही बाबतीत करणे शास्त्रीय दृष्ट्या चुकीचे आहे.

शांत आवरण आणि दाहग्रस्त आवरण यांतला फरक दक्षिण आफ्रिकेतील अभ्यासांनी आकड्यांत मांडला. डर्बनजवळच्या उमलाझी येथील १८ ते २३ वर्षांच्या २३६ तरुणींचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस प्रबळ होता त्यांच्यापैकी एकीलाही त्या काळात लागण झाली नाही, तर ज्यांच्यात निरनिराळ्या ऑक्सिजनद्वेष्ट्या जिवाणूंची सरमिसळ होती त्यांचा धोका चौपटीहून अधिक होता. मात्र क्रिस्पॅटस प्रबळ असलेल्या मुलींची संख्या दहातून सुमारे एक इतकीच होती. अशा सरमिसळीला, जेव्हा लॅक्टोबॅसिलस हटून गार्डनेरेलासारखे जिवाणू माजतात, तेव्हा बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. त्यात आम्लता उतरते, पातळ करडसर स्राव जातो, कित्येकदा माशासारखा वास येतो, आणि पुष्कळ वेळा काहीच जाणवत नाही. अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार या स्थितीत एचआयव्हीची जोखीम सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. जननेंद्रियांची नागीण उठवणाऱ्या हर्पीज विषाणूने तर ती स्त्रियांत सुमारे तिप्पट होते, आणि फोड बरा झाल्यावरही त्या जागी सीसीआर-५ असलेल्या टी-पेशी महिनोन्‌महिने जमून राहतात.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ही दुखणी किती खोलवर आहेत, हे जगाला प्रथम गडचिरोलीने दाखवले. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग वा लैंगिक रोग होता, प्रत्येकीमागे सरासरी ३.६ दुखणी होती, आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. हा अभ्यास शहापूर-मुरबाडचा नाही, आणि त्याचे आकडे जसेच्या तसे येथे लावणे योग्य होणार नाही. पण अंगावरून पांढरे जाणे हे बाईच्या जन्मालाच पुजलेले आहे असे मानून ते सोसत राहणे, पुरुष डॉक्टरपुढे बोलण्याचा संकोच, आणि दवाखाना गाठायचा तर एका दिवसाची मजुरी बुडणे, ही कारणे सह्याद्रीच्या पायथ्याच्या पाड्यांवरही तितकीच खरी आहेत. पांढरे जाणे म्हणजे प्रत्येक वेळी रोगच असे नाही. पाळीच्या चक्रानुसार स्वच्छ स्राव कमी-अधिक होतो आणि तो या संरक्षणव्यवस्थेचाच भाग आहे. वास, खाज, जळजळ, रंग बदलणे किंवा ओटीपोटात दुखणे ही लक्षणे मात्र तपासणीची मागणी करतात. आतून साबणाने किंवा जंतुनाशक द्रवाने धुण्याची सवय तर टाळलीच पाहिजे, कारण तिने रोगजंतूंआधी लॅक्टोबॅसिलसच नाहीसे होतात.

बाहेरून लावलेले तीव्र औषध कसे उलटते याचा धडा विज्ञानालाही मिळालेला आहे. नॉनऑक्सिनॉल-९ हे शुक्रजंतुनाशक प्रयोगशाळेत एचआयव्हीला मारत असे, म्हणून ते संरक्षक जेल म्हणून तपासले गेले; परंतु २००० मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत ते वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांना उलट अधिक लागण झाल्याचे दिसले, कारण त्याने अस्तरालाच इजा होत होती. पुण्यातील भोसरी येथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने, जी १९९२ मध्ये स्थापन झाली, त्यानंतरच्या पिढीतील प्रो-२००० आणि टेनोफोव्हिर या जेलांच्या प्राथमिक सुरक्षितता-चाचण्यांत भाग घेतला. टेनोफोव्हिर जेलने दक्षिण आफ्रिकेतील ८८९ स्त्रियांच्या चाचणीत लागण ३९ टक्क्यांनी घटवल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. पुढे त्याच चाचणीतील नमुन्यांच्या अभ्यासात कळले, की लॅक्टोबॅसिलस प्रबळ असलेल्या स्त्रियांत हे जेल ६१ टक्के परिणामकारक होते आणि इतरांत केवळ १८ टक्के, कारण गार्डनेरेला हा जिवाणू औषधाचेच विघटन करतो. औषधालाही अखेर नैसर्गिक व्यवस्थेच्या साथीची गरज असते, हे त्यातून सिद्ध झाले.

संप्रेरकांचा प्रश्न येथे पुन्हा येतो. बीजविमोचनानंतरच्या, म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतरच्या, सात ते दहा दिवसांत, गर्भ रुजण्यासाठी शरीर आपली प्रतिकारशक्ती सौम्य करते आणि तो काळ विषाणूसाठी अनुकूल असावा, असे अमेरिकेतील चार्ल्स वायरा यांनी मांडले आहे. दीर्घकाळ अंगावर पाजणाऱ्या आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत इस्ट्रोजेन कमी झाल्याने अस्तर पातळ व कोरडे होते. भारतात २०१७ पासून ‘अंतरा’ या नावाने शासकीय केंद्रांत मिळणाऱ्या तीन महिन्यांच्या गर्भनिरोधक इंजेक्शनाविषयी अनेक वर्षे शंका घेतली गेली होती. आफ्रिकेतील ७,८२९ स्त्रियांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, या इंजेक्शनाची तांबी व त्वचेखालील रोपणाशी तुलना केली असता एचआयव्हीच्या जोखमीत लक्षणीय फरक आढळला नाही. त्यामुळे त्या भीतीपोटी कोणा स्त्रीने हे साधन सोडण्याचे कारण नाही. मात्र ते साधन, तसेच कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, लैंगिक आजारांपासून कोणतेही संरक्षण देत नाही.

प्रत्येक संबंधामागची शक्यता अल्प असली तरी विवाहात संबंध एकदाच येत नाहीत. पुण्यात १९९३ ते १९९६ या काळात लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतील ३९१ स्त्रिया देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या आणि त्यांच्यापैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित आढळल्या. १९९७ मध्ये डॉ. रमण गंगाखेडकर व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या या निष्कर्षांनी पतीखेरीज कोणाशीही संबंध नसलेल्या पत्नीचा धोका उघड केला. महत्त्वाचा प्रश्न त्यामुळे पतीच्या रक्तातील विषाणूंच्या संख्येकडे वळतो. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचा सहभाग असलेल्या, नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या चाचणीने २०११ मध्ये दाखवले, की बाधित जोडीदाराला लवकर औषधे सुरू केली तर दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. भारतात ही औषधे १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळतात आणि २०१७ पासून निदान होताच सुरू केली जातात. स्त्रीच्या श्लेष्मल आवरणावरचा भार कमी करण्याचा एवढा खात्रीचा दुसरा उपाय आज नाही.

लैंगिक आजारांवर उपचार केल्याने एचआयव्ही घटतो का, याचे उत्तर मात्र सरळ नाही. टांझानियातील म्वांझा येथे १९९५ मध्ये अशा उपचारांनी लागण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली, तर युगांडातील राकाई येथे १९९९ मध्ये काहीच फरक पडला नाही. हर्पीज दाबून ठेवणारी औषधेही नंतरच्या चाचण्यांत अयशस्वी ठरली, बहुधा जमलेल्या टी-पेशी त्यांनी हटत नसल्यामुळे. तरीही शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय आणि त्यांना जोडलेली प्राथमिक आरोग्य केंद्रे यांत पांढऱ्या जाण्यावर होणारा उपचार दुय्यम ठरत नाही, कारण तो स्त्रीला तिच्या स्वतःच्या आरोग्यासाठी मिळायलाच हवा, आणि त्या निमित्ताने एचआयव्हीची तपासणी व समुपदेशनही तिच्यापर्यंत पोहोचते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात योनिदाहासाठी सेक्निडाझोल व फ्लुकोनाझोल या औषधांचे हिरव्या रंगाचे किट ठरवून दिलेले आहे. अडचण अशी, की बॅक्टेरियल व्हजायनोसिस औषधाने बरा झाला तरी पुष्कळ स्त्रियांत काही महिन्यांत उलटतो, कारण औषध नको असलेले जिवाणू मारते, लॅक्टोबॅसिलस परत आणत नाही. लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटसचे जिवंत जिवाणू योनिमार्गात सोडून ही उणीव भरण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला आणि २०२० च्या निष्कर्षांनुसार बारा आठवड्यांत आजार उलटण्याचे प्रमाण ४५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आले.

ऑस्ट्रेलियातील एका चाचणीने २०२५ मध्ये याच प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आणली. पत्नीबरोबर पतीलाही सात दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि लिंगाला लावण्याचे क्लिंडामायसिनचे मलम दिले, तेव्हा बारा आठवड्यांत आजार उलटण्याचे प्रमाण ६३ टक्क्यांऐवजी ३५ टक्के राहिले, आणि फरक इतका ठळक होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. तोवर या आजारात जोडीदाराला औषध देण्याची रीत नव्हती. तो केवळ स्त्रीच्या अंगाचा दोष समजला जात असे. हे निष्कर्ष इतरत्रही खरे ठरले, तर शहापूर-मुरबाडच्या डोळखांब किंवा धसई परिसरातील आशाताईंना पत्नीच्या किटसोबत पतीच्या गोळ्यांचाही विचार करावा लागेल, आणि भिवंडीच्या गोदामात किंवा वीटभट्टीवर असलेला पती गावी येतो त्या आठवड्यांशी, म्हणजे होळी, गणपती आणि पावसाळ्याच्या सुरुवातीशी, उपचाराचे वेळापत्रक जुळवून घ्यावे लागेल.